तिने फक्त मला सांगितलं होतं

डिलाईल रोडची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तेव्हा आम्हा दोघी मैत्रिणींचे मजले वेगळे झाले. चाळीत तिची खोली माझ्या खोलीला लागून होती. भिंतीवर दोनदा टकटक केलं की ती गॅलरीत यायची. टॉवरमध्ये मला अगदी वरचा मजला मिळाला आणि तिला खालचा. सामान लावून झालं त्या दिवशी ती लिफ्टने वर आली, खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाली, "गो, हयसून तर माणूस दिसतच नाय."

ती मूळची कुडाळकडची. लग्न करून मुंबईत आली ती थेट आमच्या चाळीत. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तिने मसाले, पापड, कुळथाचं पीठ अशा ऑर्डरी घेऊन घर चालवलं. मी गिरगावातली, फणसवाडीत वाढलेली आणि टेलिफोन खात्यात ऑपरेटर. आमच्यात सारखं असं काही नव्हतं. पण माझा मुलगा आणि तिचा मुलगा एकाच वर्षीचे, एकाच शाळेत, एकाच गॅलरीत क्रिकेट खेळून एकाच बाईच्या शिव्या खाल्लेले. त्यातून आम्ही जवळ आलो आणि मग मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली तरी आम्ही जवळच राहिलो.

माझे यजमान नव्या घरात जेमतेम दोन दिवाळ्या राहिले. ते गेले तेव्हा मुलगा कॅनडात होता. आला, सगळं रीतसर केलं, मला तिकडे चल म्हणाला. मी एकदा जाऊन आले होते. तिथली शांतता माझ्याने सोसवत नाही, असं मी त्याला सांगितलं. इथली शांतता तेव्हा मला अजून पुरती कळायची होती.

टॉवरमध्ये दारं बंद असतात. लिफ्ट थांबल्याचा आवाज येतो, कुणाच्या तरी चपला जातात, दार लागतं. चाळीत कुणाकडे काय शिजतंय हे न विचारता कळायचं. इथे समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, हे मला कळायला पावसाळा गेला.

म्हणून दुपारी ती यायची ते माझ्यासाठी फार होतं. तिची सून घरातूनच ऑफिसचं काम करायची. हॉलमध्ये लॅपटॉप, कानाला हेडफोन, दिवसभर मीटिंग. घरात मोठ्याने बोलायची, कुकरच्या शिट्ट्या काढायची सोय नव्हती. सून वाईट नव्हती. पण आपल्या घरात आपणच दबून वावरायचं, याने हिचा जीव घुसमटायचा. जेवणं आटोपली की ती निवडायची भाजी पिशवीत घालून माझ्याकडे यायची. आम्ही भाजी निवडायचो आणि बोलायचो. पुष्कळदा बोलायचोही नाही.

एका सकाळी स्वयंपाकघरात मला चक्कर आली. पडले ती ओट्याला हात घासत पडले, मनगट खाली सापडलं. उठता येईना. फोन बेडरूममध्ये. मी ओरडून बघितलं, पण काचेच्या बंद खिडक्यांतून कुणाला काय ऐकू जाणार? फरशीवर पडल्या पडल्या लिफ्टची ये-जा ऐकत होते. दरवेळी वाटायचं, आता कुणीतरी येईल. दुपारी तिने बेल वाजवली. दार उघडलं नाही म्हणून खाली जाऊन तिच्याकडे ठेवलेली माझी दुसरी किल्ली घेऊन आली. मला बघून ती पिशवी टाकून आत आली. खाली बसली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. मग तिच्या मुलाला फोन केला.

मुलगा कॅनडाहून धावत आला. माझं मनगट प्लास्टरमध्ये होतं. जाण्याआधी त्याने हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक कॅमेरा बसवला. मुठीएवढा, पांढरा, गोल. तो मान वळवायचा.

"आई, मी तिथून बघू शकेन. मला झोप तरी लागेल," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. त्याचा चेहरा बघून नाही म्हणणं शक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. कुणीतरी बघणार होतं.

सुरुवातीला तो खरंच यायचा. कॅमेऱ्यातून त्याचा आवाज यायचा, "आई, जेवलीस?" मी दचकायचे, मग हसायचे. हळूहळू मी घरात नीट राहायला लागले. गाऊनवर बसून राहायचे ती सकाळीच साडी नेसायला लागले. केस विंचरायचे. संकष्टीला मोदक केले तर ताट कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायचे. आवाज यायचा कमी झाला, तरी मी हॉलमध्ये आले की तो मान माझ्याकडे वळवायचा. मी इकडे गेले की इकडे, तिकडे गेले की तिकडे. मला वाटायचं, कामात असेल, बोलायला वेळ नसेल, पण बघतोय. मी त्याच्याशी बोलायचे. आज भाजीवाला आला नाही. आज गुडघा बरा आहे. असलंच काहीतरी.

एकदा फोनवर मी त्याला म्हटलं, "काल दुपारी किती वेळ बघत होतास रे? मी खिडकीशी गेले तरी वळून बघत होतास."

"आई, तो आपोआप फिरतो. हालचाल दिसली की त्या बाजूला वळतो. काल दुपारी मी झोपलो होतो."

"मग तू कधी बघतोस?"

"रोज नाही होत गं. अलर्ट येतो. काही वेगळं दिसलं तर बघतो."

मी बरं म्हटलं आणि दुसरा विषय काढला. फोन ठेवल्यावर हॉलमध्ये आले, तर त्याने मान वळवली. त्या दिवसानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. साडी मात्र नेसत राहिले, सवय झाली होती.

मैत्रिणीने कॅमेरा पहिल्यांदा बघितला तेव्हा पदर सावरला होता. "ह्यो काय गो?" मी म्हटलं होतं, मी पडले तर मुलाला कळावं म्हणून आहे. ती पुढचे काही दिवस जरा आखडून बसायची. मग मला ते आपोआप फिरण्याचं कळल्यावर मीच तिला सांगितलं, "अगं, तिथे कुणी नसतं. नुसतं यंत्र आहे, उगाच मान फिरवतं." माझ्या डोक्यात फोनचा हिशोब होता. माणूस बोलायला आला की लाइन सुरू, गेला की बंद. कुणी नसताना ते यंत्र सगळं ऐकून साठवत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. तीसुद्धा मोकळी झाली. आमच्या लेखी तो भिंतीवरच्या घड्याळासारखा झाला.

पावसाळा उतरणीला लागला होता. गणपती जवळ आले होते. त्या दुपारी ती अळूची पानं घेऊन आली होती. देठ सोलता सोलता थांबली.

"गो, तुका एक दाखवचा आसा."

तिने पदर बाजूला केला, माझा हात धरला आणि आपल्या छातीवर, काखेच्या जरा खाली ठेवला. माझ्या बोटांना सुपारीसारखं काहीतरी लागलं.

"लागता?" तिने विचारलं.

"लागतं. कधीपासून आहे?"

"आषाढात कळला."

तिने पदर सारखा केला. मला रडू आलं. ती रडली नाही. ती मला तिच्या थोरल्या बहिणीबद्दल सांगत राहिली. बहिणीलाही असंच होऊन परळच्या इस्पितळात ठेवलं होतं. हिनेच सगळं केलं होतं तिचं. केस गेले, नखं काळी पडली, आणि शेवटी तिने हिला ओळखलंही नव्हतं. "माका तसा नको," ती म्हणाली. "गणपतीक गावाक जाऊन येतंय. मगे बघूया."

मी तिच्याशी वाद घातला. तुझ्या बहिणीची गोष्ट वेगळी, तेव्हाची औषधं वेगळी, दाखवायला काय जातं. बराच वेळ लागला. शेवटी मी म्हटलं, "सोमवारी आपण दोघी जाऊ. घरी सांगू, दादरला साड्या बघायला गेलो."

त्यावर ती हसली. "साडये बघूक? आता ह्या वयात?"

"मग काय झालं? गणपतीला नवी साडी नको?"

"बरा. सोमवारी. पण माझ्या झिलाक कळाक नको. काय आसा तां कळल्यावर मीच सांगान." झील म्हणजे मुलगा. मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं. तिने अळूची पानं गुंडाळली आणि ती खाली गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात तिचा मुलगा होता. माझ्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला, कधी मान वर करून न बोललेला.

"काकी, तुम्हाला माहीत होतं?"

त्याच्या हातात फोन होता. त्याने तो माझ्यासमोर धरला. त्यातून माझा आवाज आला. "सोमवारी आपण दोघी जाऊ." मग तिचं हसणं.

मला काही क्षण कळेचना, हे त्याच्याकडे कुठून आलं. मग मी टीव्हीच्या वर बघितलं. कॅमेऱ्याने आमच्याकडे मान वळवली होती.

माझ्या मुलाने तिकडे सकाळी उठल्यावर फोन बघितला होता. त्याला मी रडताना दिसले. काय झालं म्हणून त्याने आवाज सुरू केला आणि सगळं ऐकलं. ऐकून तो घाबरला. तिला तो मावशी म्हणतो. तिच्या हातच्या आंबोळ्या खाऊन शाळेत गेलेला मुलगा. त्याने आपल्या मित्राला फोन केला. मित्राचा विश्वास बसेना, म्हणून ते रेकॉर्डिंग त्याला पाठवलं.

"आईला ऐकवलंत?" मी विचारलं.

"ती नाहीच म्हणत होती, काकी. असं काही नाही, तुम्ही वेडे झालात, म्हणाली. मग ऐकवावं लागलं."

मी डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न केला. सहा माणसांच्या घरात, हॉलमध्ये, मुलगा, सून समोर आणि मुलाच्या हातातल्या फोनमधून आपलाच आवाज येतोय. जे आपण एका माणसाच्या कानात सांगितलं, ते. मला ते चित्र धड उभं करवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला इस्पितळात नेलं. तपासण्या झाल्या. गाठ लवकर सापडली होती. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार सुरू झाले. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या मुलाने माझ्या मुलाला फोन करून आभार मानले. सुनेने मला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सगळे खूश होते, आणि खूश होण्यासारखंच होतं.

त्याच दिवसांत एकदा लिफ्टमध्ये मधल्या मजल्यावरची एक बाई भेटली. चाळीतलीच, पण आमचं फारसं बोलणं नव्हतं. ती म्हणाली, "किती छान समजावलंत हो तुम्ही त्यांना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ऐकून."

ते रेकॉर्डिंग तिच्या मुलाकडून त्याच्या बहिणीकडे गेलं होतं, डोंबिवलीला. तिथून गावी. आणि कुठून तरी फिरत आमच्या बिल्डिंगमध्येही आलं होतं. कुणीही वाईट हेतूने पाठवलं नव्हतं. बायकांनी काळजी घ्यावी, लपवू नये, असं कुणीतरी खाली लिहिलं होतं. मी मान हलवली. माझा मजला येईपर्यंत लिफ्टच्या दाराकडे बघत राहिले.

त्या रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा मी विषय काढला.

"तू मला आधी का नाही विचारलंस?"

"आई, तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायला हवं होतं."

"तिचा जीव वाचला, आई."

"मी सोमवारी नेणारच होते तिला."

"आणि ती नसती आली तर? गणपतीनंतर, मग दिवाळीनंतर, असं केलं असतं तर? मी काय करायला हवं होतं? ऐकलंच नाही असं दाखवायला हवं होतं?"

मी वेगळंच बोलले.

"त्यात तिने पदर बाजूला केला होता."

मग म्हणाला, "तेवढा भाग मी कापून पाठवला."

"म्हणजे तू बघितलास."

लाइन तुटली की काय असं वाटलं. मग तो हळूच म्हणाला, "मला माहीत नव्हतं गं, काय येणार आहे ते."

मला त्याची दया आली. चाळिशी ओलांडलेला मुलगा, एवढ्या लांब एकट्याने बसून आईच्या घरातलं असं काही बघतो आणि ते कुणाला सांगूही शकत नाही. त्यालाही ते नको होतं. ते आता कुठे आहे, असं मी विचारलं. कंपनीच्या सर्व्हरवर असतं, काही दिवसांनी आपोआप जातं, म्हणाला. आत्ता काढून टाक म्हटलं. त्याने काढलं.

"गेलं?"

"माझ्याकडून गेलं."

आमच्या वेळी बोर्डावर ट्रंक कॉल जोडून दिला की दोन्हीकडे ऐकू येतंय एवढं बघायचं आणि लाइन सोडायची, असा नियम होता. सोडायच्या आधी एखाददुसरं वाक्य कानावर पडायचंच. एकदा रत्नागिरीहून आमच्याच फणसवाडीतल्या दुकानात आलेला कॉल मी जोडला आणि पहिल्याच वाक्यात कळलं की आमच्या शेजारणीचे वडील गेले. ड्युटी संपवून घरी आले तर ती नळावर कुणाशी तरी हसत बोलत होती. निरोप अजून तिच्यापर्यंत पोचला नव्हता. मी तिच्या बाजूने माझी बादली घेऊन निघून गेले. तिचा भाऊ येऊन सांगेपर्यंत मी खोलीत दार लावून बसले होते. मी बरोबर केलं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण त्या माणसाला वाचवणं कुणाच्या हातात नव्हतं. इथे होतं. मुलाचा प्रश्न माझ्या प्रश्नाहून अवघड होता, हे मी त्याच्यापाशी कबूल केलं नाही, पण मनाशी केलं.

तरीही मी स्टुलावर चढून कॅमेऱ्याची वायर काढली. पडशील म्हणून ओरडायला आता कुणी बघत नव्हतं. मुलगा चिडला. मग दोघांनी मिळून एक मार्ग काढला. रोज सकाळी चहा झाला की मी त्याला मेसेज करायचा. नाही आला तर तो खाली वॉचमनला फोन करणार. मी रोज लिहिते, "उठले." तो झोपण्याआधी एक अंगठा पाठवतो. तेवढंच.

ऑपरेशन आणि पहिली केमो होऊन ती घरी आली तेव्हा मी भेटायला गेले. आतल्या खोलीत पडली होती. चेहरा उतरलेला, डोक्याला रुमाल. बाहेर सुनेची मीटिंग चालू होती. मी पलंगाच्या कडेला बसले.

"तुका खराच म्हाईत नव्हता?" तिने हळू आवाजात विचारलं.

"नव्हतं गं. तुझी शपथ."

ती छताकडे बघत राहिली. "मिया तुका सांगलंय. तुझ्या घराक न्हय."

"कॅमेरा काढला मी."

"बरा केलंस," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी आणलेली पेज तिने घेतली, थोडी प्यायली, छान झाली म्हणाली. मी उठले तेव्हा बस म्हणाली नाही.

ती बरी झाली. केस परत आले, आधीपेक्षा दाट. संध्याकाळी बिल्डिंगच्या बागेत फेऱ्या मारायला लागली. मी दिसले की हाक मारते. आम्ही बाकावर बसतो. ती नातवंडांचं सांगते, गावच्या आंब्यांचं सांगते, लालबागच्या बाजारात मिरची कुठे चांगली मिळाली ते सांगते. स्वतःचं सांगत नाही. दुपारी वर येत नाही. मी दोनदा बोलावलं. एकदा पाय दुखतो म्हणाली, एकदा सूनबाईंना बरं नाही म्हणाली. तिसऱ्यांदा मी बोलावलं नाही. दुपारी भाजी मी एकटीच निवडते. कधी कधी टीव्ही लावून ठेवते, कुणीतरी बोलत असावं म्हणून.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. इस्पितळात तपासणीला जायचं होतं, मुलगा बाहेरगावी आणि सुनेला रजा नव्हती. "येशीत?" मी लगेच साडी बदलून खाली उतरले. टॅक्सीत ती माझ्या बाजूला बसली होती, खिडकी उघडी होती, परळचा नेहमीचा ट्रॅफिक होता. मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं.

तिचा नंबर आला. तिच्याबरोबर मीही उठले. तिने माझ्या दंडावर हात ठेवला.

"तू भायर बस," ती म्हणाली.

मी बसले. तिची पिशवी माझ्या मांडीवर होती. बाजूला एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते. दार लागलं होतं आणि आतलं काही ऐकू येत नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघितलं, पण तिथे काही वाचता आलं नाही.

"काय म्हणाले?"

"काय नाय. चल, भूक लागली."

आम्ही रस्त्यापलीकडच्या हॉटेलात गेलो. तिने इडली मागवली, मी चहा. एक इडली तिने माझ्या बशीत ठेवली आणि बाहेरच्या गर्दीकडे बघत जेवत राहिली. मी पुन्हा विचारलं नाही.